काउंटरवर मशीन आले, मग राजीनामा मी का द्यावा?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी २६ वर्षांची असून कोपरखैरणे येथे आईवडिलांबरोबर राहते. ठाण्यातील एका मॉलमधल्या फास्ट फूडच्या दुकानात मी चार वर्षे सात महिने काउंटरवर काम करीत आहे. नोकरी सांभाळूनच मी मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. पूर्ण केले. गेल्या महिन्यात आमच्याकडे ऑर्डर देण्याची चार उभी टचस्क्रीन मशीन बसवली गेली आणि पाच काउंटरांपैकी एकच शिल्लक ठेवला. कोणालाही काढणार नाही, असे मॅनेजर सांगतात. मात्र काहींनी किचनमध्ये जावे, काहींनी मशीनजवळ उभे राहून ग्राहकांना मदत करावी, आणि ज्यांना हे जमणार नाही त्यांनी ‘आपला निर्णय घ्यावा’, असेही त्यांनी सर्वांसमोर सांगितले. मला सध्या मशीनजवळ उभे केले आहे. माझ्याकडे न येता ऑर्डर कशी द्यायची, हे मीच लोकांना दिवसभर शिकवते. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेत आहोत असे वाटते. पुढील महिन्यापासून दुकान बंद करण्याची रात्रीची पाळी देण्याचेही बोलणे चालू आहे. बाबा म्हणतात की अपमान होण्याआधी स्वतःहून सोड. ते वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात होते आणि तो बंद पडताना पुढे केलेल्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली होती. त्याची सल त्यांच्या मनात अजून आहे. मी राजीनामा द्यावा, किचनमध्ये जावे की मशीनजवळच उभे राहावे? शिवाय, एक आजी दर आठवड्याला नातवाला घेऊन येतात. त्यांना मशीन जमत नाही आणि त्यांची ऑर्डर मी हाताने घेतली की मॅनेजर रागावतात. माझे काही चुकते का?

एक काउंटरवाली, कोपरखैरणे

उत्तर

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. राजीनामा देऊ नका. दुसऱ्या नोकरीचे नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत तर नाहीच, आणि ते लवकर पडले तरी पाच वर्षे भरायला उरलेल्या पाच महिन्यांचा हिशोब मांडल्याशिवाय नाही. ‘आपला निर्णय घ्यावा’ हे शब्द मॅनेजरांनी सहज वापरले असतील किंवा वरून सांगितल्याप्रमाणे वापरले असतील. पण निर्णय तुम्ही घेतला तर तो राजीनामा ठरतो आणि त्यांनी घेतला तर ती कामगार कपात ठरते. दोन्ही प्रसंगी नोकरी जाते ती एकच, पण हातात पडणारी रक्कम वेगळी असते.

आधी ग्रॅच्युइटी पाहा. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातील मूळ नियम सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिला आहे: कायम कर्मचाऱ्याची सलग पाच वर्षे पूर्ण झाली की शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि जितकी वर्षे झाली तितक्या पटीने वाढवायचे. समजा, या हिशोबासाठी धरायचे तुमचे वेतन १४,००० रुपये आहे, तर पाच वर्षांचे सुमारे ४०,३८५ रुपये होतात. चार वर्षे सात महिन्यांवर रागाच्या भरात लिहिलेली एक ओळ ही रक्कम धोक्यात घालते. तुमचे नेमणूकपत्र ठरावीक मुदतीचे असेल तर नव्या संहितेप्रमाणे एका वर्षानंतरही प्रमाणशीर ग्रॅच्युइटी मिळू शकते. म्हणून ते पत्र आजच शोधून काढा आणि त्यात ‘कायम’ लिहिले आहे की ‘मुदतीचे’, ते पाहा. बदलीचे कलम आहे का आणि ते फक्त ठाणे-नवी मुंबईपुरते आहे की कोठेही, हेही त्याच वेळी पाहून घ्या, कारण पुढे त्याची गरज पडेल.

आता कपातीविषयी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली. पण सलग एक वर्ष काम केलेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढ्या काळाचे वेतन द्यायचे, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यायची, हा गाभा दोन्हीकडे तोच आहे. सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणजे भरपाईसाठी तुमची आजच पाच वर्षे मोजली जातील. नव्या संहितेने त्यात आणखी एक भर घातली आहे: कमी केलेल्या कामगाराला नवे काम शिकता यावे यासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. शिवाय, कामाच्या पद्धतीत किंवा यंत्रसामग्रीत असा बदल करायचा असेल की ज्यामुळे कपात होण्याचा संभव आहे, तर त्याची पूर्वसूचना कामगारांना द्यावी लागते, हे कलम जुन्या कायद्यातही होते आणि आजही आहे. काउंटरवरील कर्मचारी या कायद्याच्या अर्थाने कामगार आहे. राजीनामा दिलात की नोटीस, भरपाई, निधी यांपैकी काहीही मागता येत नाही. भविष्यनिर्वाह निधी मात्र कोणत्याही परिस्थितीत तुमचाच आहे. त्याचे पासबुक उघडून दर महिन्याची रक्कम खरोखर भरली गेली आहे का, एवढे तपासा.

‘कोणालाही काढणार नाही’ या आश्वासनाबद्दल मला काय वाटते, ते सांगतो. मॅनेजर खोटे बोलत आहेत असे मला वाटत नाही. अशा दुकानांत माणसे तशीही टिकत नाहीत. कॉलेजची मुले वर्षभर काम करतात, परीक्षा आली की जातात, कोणाला दुसरीकडे हजार रुपये जास्त मिळतात. त्यामुळे मशीन बसवल्यावर कोणाला काढण्याची गरजच पडत नाही. गेलेल्याच्या जागी दुसरा घेतला नाही की वर्षभरात काउंटरवरची माणसे आपोआप कमी होतात. अडचण होते ती तुमच्यासारख्या टिकणाऱ्यांची. त्यांचे तास कमी होतात, बदली लांबच्या शाखेत होते किंवा गैरसोयीची पाळी मिळते, आणि शेवटी ती व्यक्ती कंटाळून स्वतःच अर्ज टाकते. हे कोणी कट करून करते असे नाही, पण परिणाम तोच होतो. म्हणून आजपासून ड्युटीच्या तक्त्याचा दर आठवड्याला फोटो काढून ठेवा आणि पगाराच्या पावत्या स्वतःच्या ईमेलवर घ्या. तुमचे तास केव्हापासून आणि किती कमी झाले, हे उद्या सांगायची वेळ आली तर हेच कागद कामी येतील.

मशीन आले कशासाठी, हे कळले तर पुढचा निर्णय सोपा होईल. पगार वाचवण्यासाठी आले, असे सगळे म्हणतात आणि अमेरिकेत ही चर्चा पगारावरूनच होते. कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२४ पासून फास्ट फूडच्या मोठ्या साखळ्यांतील कामगारांचे किमान वेतन ताशी २० डॉलर झाले तेव्हा मशीनचा विषय पुन्हा गाजला. पण मॅकडॉनल्ड्सने युरोपातील सुमारे ७,००० उपाहारगृहांत टचस्क्रीन बसवण्याचा बेत २०११ मध्येच जाहीर केला होता, आणि आपल्याकडे तर काउंटरवरच्या मुलीचा पगार इतका कमी असतो की केवळ तो वाचवण्यासाठी एवढी महागडी मशीन बसवणे फारसे परवडू नये. खरी कमाई बिलात आहे. शेक शॅक या अमेरिकन साखळीने तर आपल्या गुंतवणूकदारांना सांगितलेच आहे की काउंटरपेक्षा मशीनवरचे बिल मोठे होते. कारण तुम्हाला ठाऊक असेलच. रविवारी संध्याकाळी वीस माणसांची रांग असताना ‘फ्राइज मोठे करू का? सोबत आइस्क्रीम देऊ का?’ हे प्रत्येकाला विचारायला तुम्हाला सुचत नाही; आणि समोर एखादा बाप दोन मुलांचे हात धरून पाकिटातल्या नोटा मोजत असेल, तर सुचले तरी तुम्ही विचारत नाही. मशीन विचारते. प्रत्येकाला आणि प्रत्येक वेळी, चित्र दाखवून विचारते. तुमच्या ज्या संकोचाला आपण माणुसकी म्हणतो, तोच कंपनीच्या ताळेबंदात न झालेल्या विक्रीच्या रूपाने दिसत होता. मशीन परत जाईल या आशेवर थांबू नका, एवढ्यासाठी हे कडवट बोललो.

मग शिकवणारी तुम्हीच, म्हणजे आपल्या पायावर आपणच धोंडा पाडणारी तुम्हीच का? नाही. तुम्ही शिकवले नाही तरी ग्राहक दोन-चार खेपांत शिकणारच आहेत. तुमच्या मदतीने फार तर काही आठवडे वाचतात. पण त्या आठवड्यांत तुम्हाला एक गोष्ट दिसते आहे जी दुकानात दुसऱ्या कोणालाही इतक्या जवळून दिसत नाही: मशीन नेमके कोठे अडते. कांदा-लसूण चालत नाही, हे जैन कुटुंबाला सांगायचे असते आणि स्क्रीनवर तसे बटण सापडत नाही. श्रावणात एखाद्या घरातील दोघे शाकाहारी असतात आणि तिसऱ्याला कोंबडी हवी असते; व्हेज आणि नॉनव्हेज एकाच तेलात तळता का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. ऑफरचे कूपन लागत नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे यूपीआयने पैसे कापले जातात पण ऑर्डरचा नंबर येत नाही, आणि मागे उभे असलेले लोक घसा खाकरू लागतात. अशा वेळी ग्राहकाला नियम शांतपणे सांगता आला तर अर्धे भांडण तिथेच मिटते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या आदेशाप्रमाणे खात्यातून पैसे गेले आणि दुकानाला ते मिळाल्याची खातरजमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. तसे न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळते. हा नियम पाठ करा आणि इतर मुलींनाही सांगा.

तुम्ही रोज ट्रान्स-हार्बरने येता, तेव्हा ठाणे स्थानकावर तिकिटांची एटीव्हीएम मशीन पाहतच असाल. प्रवासी स्वतः तिकीट काढतील म्हणून ती आणली गेली, आणि आजही त्यांच्याशेजारी मदतनीस असतो. लोक त्याच्या हातात सुटे पैसे ठेवतात, तो चटचट बोटे मारून तिकीट काढून देतो, आणि रांग त्याच्यासमोरच लागते. मशीनशेजारी माणूस लागतो, याचा हा पुरावा तुमच्या वाटेवरच आहे. पण त्या मदतनिसांत निवृत्त रेल्वे कर्मचारी असतात आणि त्यांना मिळते ते तिकिटांवरचे कमिशन. निवृत्तिवेतनाला जोड म्हणून ते ठीक आहे; २६ व्या वर्षी त्या जागेवर स्थिरावण्यात अर्थ नाही. तुमच्या दुकानातही ग्राहक सरावले की पहिले पद कमी होईल ते मशीनजवळच्या मदतनिसाचे. तेव्हा आणखी दोन-तीन महिने, शिकण्यापुरते तेथे उभे राहा, त्यापुढे नको.

अशा चर्चेत एटीएमचे उदाहरण हटकून दिले जाते, आणि ते खरेही आहे. जेम्स बेसन या अर्थतज्ज्ञाने दाखवून दिले की १९८८ ते २००४ या काळात अमेरिकेतील शहरी बँक शाखेत रोखपालांची सरासरी संख्या २० वरून १३ वर आली; पण शाखा चालवणे स्वस्त झाल्यामुळे शहरी शाखाच ४३ टक्क्यांनी वाढल्या आणि रोखपाल एकूण कमी झाले नाहीत. मात्र ही कथा सांगणारे बहुतेक जण येथेच थांबतात. पुढे लोक मोबाइलवर बँक व्यवहार करू लागले आणि तेथील रोखपालांची संख्या घटत गेली. शिवाय जे टिकले त्यांचे काम पैसे मोजण्याचे उरले नव्हते. कर्ज, ठेवी, खात्यांच्या अडचणी यांविषयी ग्राहकांशी बोलणे हेच त्यांचे काम झाले होते. तुम्ही त्यातून घ्यायचा बोध एवढाच की पदाचे नाव तेच राहते पण काम बदलते, आणि ते बदलत असताना नव्या कामाच्या जवळ जो उभा असतो त्याचा निभाव लागतो.

तुमच्या दुकानात नवे काम कोठे जमा होत आहे? पहिले ठिकाण किचन. ऑर्डर घेण्याचा वेग वाढला, तळण्याचा वेग मात्र तोच राहिला. पूर्वी काउंटरवरची मुलगी पैसे घेऊन सुटे परत करीपर्यंत जो अर्धा मिनिट जात असे, तो आत काम करणाऱ्यांसाठी धरणासारखा होता. आता चार मशीन आणि घरपोच सेवेची दोन-तीन ॲप एकाच वेळी स्क्रीनवर ऑर्डर ओततात. तळणीचा बझर वाजत असतो, टोपली उचलून झटकायची असते, पलीकडे बन शेकून तयार असतो, आणि दाराशी हेल्मेट घातलेले तीन डिलिव्हरी बॉय फोन पुढे करून नंबर दाखवत असतात. फ्राइज काही मिनिटांत मऊ पडतात, त्यामुळे आधी करून ठेवण्याची सोय नाही. येथे माणूस कमी करता येत नाही. अमेरिकेत हॉर्न अँड हार्डार्ट कंपनीने १९०२ मध्ये फिलाडेल्फियात नाणे टाकून खाद्यपदार्थ घेण्याचे काचेच्या खणांचे उपाहारगृह उघडले, तेव्हा ग्राहकांना वाढपी दिसेनासे झाले होते. पण प्रत्येक रिकामा खण पुन्हा भरण्यासाठी भिंतीमागे बायका-पुरुष राबत होतेच. तेव्हा किचनला शिक्षा समजू नका. अशा साखळ्यांत ज्याला तळणी, ग्रिल, जुळणीचे टेबल आणि माल-साठा यांतले काहीच येत नाही, त्याला शिफ्ट सांभाळायला देत नाहीत. तीन महिन्यांत प्रत्येक टेबलावर काम शिकायला मिळावे, अशी मागणी करून आत जा. ‘जिथे पाठवाल तिथे जाते’ असे म्हणून जाऊ नका.

दुसरे ठिकाण हिशोबाचे आहे, आणि मला विचाराल तर तुमची खरी जागा तेथे आहे. पूर्वी दिवसाच्या अखेरीस गल्ल्यातील रोख मोजली आणि कार्डांच्या पावत्यांची बेरीज केली की टॅली लागत असे. आता रोख वेगळी, कार्ड वेगळे, मशीनवरचे यूपीआय वेगळे, प्रत्येक ॲपकडून कमिशन कापून उशिरा येणारे पैसे वेगळे, रद्द झालेल्या ऑर्डरी वेगळ्या आणि परतावे वेगळे. हे सगळे एका कागदावर जुळवणे हे बी.कॉम. झालेल्या आणि साडेचार वर्षांहून जास्त काळ गल्ला सांभाळलेल्या मुलीला जितके जमेल तितके दुसऱ्या कोणाला जमणार? हे काम अंगावर घ्या. सोबत टॅली हे हिशोबाचे सॉफ्टवेअर आणि जीएसटी विवरणपत्रांचे काम शिकून घ्या, म्हणजे तुर्भे, महापे, ऐरोली या पट्ट्यातील कचेऱ्यांत हिशोबाच्या नोकरीसाठी अर्ज करताना ‘काउंटरवर होते’ एवढेच सांगावे लागणार नाही. यूपीआय, कार्ड आणि ॲपच्या व्यवहारांचा रोजचा मेळ घालते, हे सांगता येईल, आणि ते खरे असेल.

येथे एक सावधगिरी. तुमची हुशारी पाहून ‘शिफ्ट मॅनेजर’ हे पद देऊ केले गेले तर आनंदाने घ्या, पण आधी डोळे उघडे ठेवून वाचा. प्रामुख्याने देखरेखीचे काम करणारी आणि महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारी व्यक्ती नव्या औद्योगिक संहितेत कामगार धरली जात नाही. म्हणजे वर सांगितलेले कपातीचे संरक्षण तिला मिळत नाही. केवळ पदाचे नाव बदलल्याने हा हक्क जात नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते पाहिले जाते. पण वाद झाला तर ते सिद्ध करण्याची यातायात तुमचीच. पगारवाढ आठशे रुपये आणि बदल्यात हे संरक्षण, असा सौदा असेल तर मी तरी थोडी घासाघीस करीन.

रात्रीच्या पाळीचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे, कारण दिवसाचा हिशोब जुळतो तो दुकान बंद होताना. सरसकट नकार दिलात तर शिकण्याची जागाही जाईल. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाप्रमाणे रात्री ९:३० ते सकाळी ७ या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते, आणि तेही तिच्या सुरक्षिततेची व घराच्या दारापर्यंत वाहनाची व्यवस्था असेल तरच. घराचे दार म्हणजे कोपरखैरण्यातील तुमची इमारत; ठाणे स्थानकापर्यंत सोडतो म्हटले तर ते पुरेसे नाही. आठवड्यातून दोन-तीन रात्री, हिशोबाच्या कामासाठी, वाहनाच्या अटीवर, अशी लेखी संमती द्यायला माझी हरकत नाही. आई काय म्हणते ते मात्र तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, तिलाही विचारा.

आजींच्या बाबतीत तुमचे काही चुकत नाही, फक्त पद्धत बदला. मशीनवरून किती टक्के ऑर्डर येतात याचा आकडा मॅनेजरांकडे बहुधा वरून मागितला जात असेल, आणि हाताने घेतलेली प्रत्येक ऑर्डर तो आकडा खाली आणते. रागाचे मूळ तेथे असावे. तेव्हा आजींना मशीनपाशी न्या, त्यांना काय हवे ते विचारून बटणे तुम्ही दाबा, रोखीचा पर्याय निवडून चिठ्ठी घ्या आणि पैसे त्यांना एकुलत्या उरलेल्या काउंटरवर भरू द्या. ऑर्डर मशीनवरची म्हणून नोंदवली जाईल आणि आजींना बोलायला माणूस मिळेल. त्याचबरोबर पंधरा दिवस एक छोटी वही ठेवा: मशीनपाशी येऊन ऑर्डर न देता परत गेलेले लोक किती, कोणत्या वेळी, आणि कळले तर कशामुळे. गेलेल्या ग्राहकांचा आकडा समोर ठेवलात तर गर्दीच्या वेळी दुसरा काउंटर उघडावा, हे मॅनेजरांना वरच्यांपुढे मांडता येईल. आजींचा हक्क वगैरे भाषा तेथे चालणार नाही, बुडालेले बिल चालेल.

आता तुमच्या बाबांविषयी. अपमान होण्याआधी सोड, या सल्ल्यामागे त्यांचा जो अनुभव आहे, तो ठाण्यातल्या पुष्कळ घरांत आहे. वागळे इस्टेटमधले किती कारखाने बंद झाले आणि त्यांच्या जागी काय उभे राहिले, हे तुम्ही-आम्ही पाहिलेच आहे. पण त्यांना एवढे विचारा की कारखाना बंद पडताना त्यांना खटकले ते काय: काम गेले ते, की न वाचता सही केली ते? सही खटकत असेल, तर स्वतःहून सोडणे म्हणजे पुन्हा तीच सही होईल, फक्त या वेळी कागदसुद्धा तुम्हीच लिहून द्यायचा. त्यांचा सल्ला घेऊ नका असे मी म्हणत नाही. उलट नेमणूकपत्र वाचायला त्यांनाच शेजारी बसवा. ज्याने एकदा न वाचता सही केली आहे तो माणूस दुसऱ्यांदा प्रत्येक ओळ वाचतो.

कंपनीशी बोलणे विकोपाला गेले तर ठाण्यातील कामगार उपायुक्तांचे कार्यालय आहे. वकिलाच्या फीची चिंता असेल तर ठाणे जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक मदत मिळते. पण तेथवर जायची वेळ येईल असे मला आज वाटत नाही.

या आठवड्यात मॅनेजरांना एक ईमेल पाठवा. मजकूर साधारण असा असावा: “दिनांक अमुकपासून माझे काम काउंटरवरून ऑर्डर मशीनच्या मदतीकडे बदलण्यात आले आहे. माझे पद, वेतन, तास आणि सेवेचा कालावधी यांत कोणताही बदल झालेला नाही, हे कृपया लेखी कळवावे. मला किचनमधील सर्व टेबलांचे व दिवसाच्या हिशोबाचे प्रशिक्षण मिळावे, अशी विनंती आहे. रात्रीच्या पाळीसाठी घरापर्यंत वाहनाची व्यवस्था असल्यास आठवड्यातून दोन ते तीन दिवस माझी संमती आहे.” भाषा एवढीच सौम्य ठेवा आणि त्यात कायद्याचा उल्लेख करू नका. पत्र स्वतःच्या ईमेलवरून पाठवा, एक प्रत मनुष्यबळ विभागाला लावा. आठ दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच ईमेलखाली स्मरणपत्र लिहा. आणि कोणी ‘स्वेच्छेने’ हा शब्द असलेला कागद पुढे केला, तर त्याचा फोटो घ्या, घरी वाचून दोन दिवसांनी देते असे सांगा, आणि त्या दोन दिवसांत मला पुन्हा लिहा.